एकल गायनाच्या स्पर्धेसाठी तानपुऱ्याचं यंत्र, तबल्याचं यंत्र की फोन? ग्वाल्हेरच्या पालकांसाठी परीक्षण

तानपुऱ्यासाठी वेगळं यंत्र घ्या, तबल्यासाठी फोन चालेल, आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली की यंत्रातला तबला बंद करून समोर माणूस बसवा. आमचा निकाल हा. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना शास्त्रीय गायनाच्या एकल स्पर्धेत उतरवताना ही साधनं कुठे खरोखर उपयोगी पडतात आणि कुठे घात करतात, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तुलना तीन गोष्टींची आहे. बंगळुरूच्या राडेलचं ‘सारंग’ आणि त्या जातीची तानपुऱ्याची यंत्रं, त्याच कंपनीची ‘तालमाला’ आणि तशी तबल्याची यंत्रं, आणि फोनवरची अ‍ॅप्स. अ‍ॅप्समध्ये आयफोनवाल्यांकडे आयतबलाप्रो बहुतेक ठिकाणी दिसतं. अँड्रॉइडवर ते मिळत नाही, तिथे दुसरी पुष्कळ आहेत. खरा तानपुरा या तुलनेत धरलेला नाही. तो घरात असेल आणि रोज लावणारा हातही असेल, तर बाकी काही विकत घेऊ नका. पण तसं घर आता विरळा. १९१४ साली ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं माधव संगीत महाविद्यालय ज्या गावात आहे, त्या गावातही मुलाच्या वाट्याला तानपुरा येतो तो वर्गापुरताच. घरचा सकाळचा अर्धा-पाऊण तास यंत्रावरच निघतो, म्हणून यंत्राची निवड महत्त्वाची.

यंत्राच्या आधी पट्टी

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर सा धरायचा ती, चुकीची धरली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. ताईंच्या वर्गात सगळ्या मुली काळी चारला (पेटीच्या म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला) गातात म्हणून हिनेही काळी चारलाच गायचं, हे वर्गापुरतं ठीक आहे. स्पर्धेला मुलाचा स्वतःचा गळा तपासावा लागतो. तपासणी सकाळी उठल्याउठल्या करू नका, तेव्हा आवाज खाली असतो. संध्याकाळी, अर्धा तास गाऊन झाल्यावर करा. जो राग म्हणायचा त्यातला सर्वांत खालचा स्वर मुलाला चार सेकंद स्थिर धरता आला पाहिजे. अंतऱ्यात जिथवर जायचं तो वरचा स्वर मान वर न करता, हनुवटी न उचलता लागला पाहिजे. दोन्ही जमतात ती खरी पट्टी.

आकड्यांत सांगायचं तर काळी चारचा मध्य सा साधारण २०८ हर्ट्झला येतो. त्या पट्टीत भूपाचा मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत १७३ च्या आसपास पडतो आणि नऊ-दहा वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या गळ्यातून तिथे सुरापेक्षा हवाच जास्त येते. पट्टी काळी पाच केली की तोच धैवत १९४ ला येतो आणि मूल तो धरू शकतं. यमनाचं तसं नाही. त्यात मंद्र निषादावरून उठायचं असतं आणि तो काळी चारलाही १९५ लाच असतो, त्यामुळे यमनाला काळी चार चालते, त्याच मुलाला भूपाला चालत नाही. रागागणिक पट्टी बदलायला लाजू नये. यंत्राचा इथला फायदा मोठा आहे, कळ फिरवली की पट्टी बदलली. खऱ्या तानपुऱ्याच्या चार तारा एवढ्या चढवायला वेळ लागतो, आणि कधी तार तुटतेही.

आवाज फुटायला लागलेल्या मुलांबद्दल एक वेगळी सूचना. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज खरखरीत व्हायला लागला असेल, तर स्पर्धेच्या दोन महिने आधी ठरवलेली पट्टी स्पर्धेच्या दिवशी राहीलच असं नाही. अशा वेळी तार सप्तकातला विस्तार बंदिशीतून काढून टाका, मध्य सप्तकातच खुलणारा राग घ्या आणि दर आठवड्याला पट्टी पुन्हा तपासा. ओढून-ताणून जुन्या पट्टीत गाऊ घातलं तर गळा दुखावतो. एका ढालीसाठी ही किंमत मोजू नये.

सूर जुळवणं: इथे यंत्र फोनाच्या पुढे जातं

पेट्यांचे सूर एकसारखे नसतात. जुनी पेटी ठरलेल्या मापापेक्षा दहा-वीस सेंट वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं आहे (दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट). यंत्र नुसतं ‘काळी चार’वर ठेवलं आणि पेटी पंधरा सेंट चढी निघाली तर मूल दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी लटकतं. ऐकणाऱ्याला मूल बेसूर वाटतं, पण चूक मुलाची नसते.

जुळवायचं असं. पेटीचा भाता हलक्या हाताने ओढत काळी चार दाबून ठेवा, शेजारी यंत्र चालू करा आणि बारीक सुराची कळ सावकाश फिरवा. फरक असला की आवाजात लाटा ऐकू येतात, वाँव-वाँव-वाँव. या पट्टीत सेकंदाला एक लाट म्हणजे सुमारे आठ सेंटचा फरक. कळ योग्य बाजूला फिरत असेल तर लाटा लांबत जातात, दोन सेकंदांची एक, मग चारांची एक, आणि मग दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून पेटी वाजते आहे की नाही हेच कळेनासं होतं. तिथे थांबा आणि कळेच्या जागेवर पेन्सिलने खूण करा. मुलाला ही लाट एकदा ऐकवली की पुढे ते स्वतः जुळवू लागतं. आमच्या मते स्पर्धेच्या तयारीतला हा पहिला धडा असावा, बंदिशीच्याही आधीचा.

चांगल्या यंत्रात ही कळ हाताखाली असते. अ‍ॅपमध्येही सेंटचा आकडा बदलता येतो, आयतबलाप्रोमध्ये तर फार बारकाईने, पण पडद्यावर बोट सरकवताना दहा वर्षांच्या मुलाचं लक्ष आकड्याकडे जातं, कान मागे पडतो. म्हणून तानपुऱ्यासाठी आमचा कौल यंत्रालाच.

दुसरं कारण आवाजाचं. काळी चारच्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार १०४ हर्ट्झची असते. फोनचा इवलासा स्पीकर एवढा खालचा आवाज देऊच शकत नाही. खर्जाच्या तारेतून वर उठणारे बारीक स्वर तेवढे ऐकू येतात, बूड ऐकू येत नाही. अशा तानपुऱ्यावर महिनोन्‌महिने गायलेलं मूल मंद्रात गेलं की डगमगतं, कारण खाली टेकायला त्याला कधी काही मिळालेलंच नसतं. फोनच वापरायचा असेल तर तो मोठ्या स्पीकरला किंवा घरच्या म्युझिक सिस्टीमला तारेने जोडा. ब्लूटूथ स्पीकरबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो की आवाज उशिरा येतो म्हणून ताल चुकतो. नुसतं ऐकून गाण्यासाठी त्या उशिराने काही बिघडत नाही, कारण तानपुरा आणि तबला दोन्ही सारख्याच उशिराने येतात. ब्लूटूथचा खरा त्रास निराळा. स्पीकरची चार्जिंग मध्येच संपते, किंवा घरात दुसऱ्या कुणाचा फोन त्याला जोडला जातो आणि मुलाच्या आलापात भलतंच गाणं घुसतं.

गंधाराचं प्रकरण जरा खोलात सांगायला हवं, कारण परीक्षकाच्या कानाला सगळ्यांत आधी खटकतो तो गंधार. लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, कारण पेटीचे सगळे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. ज्या मुलाला फक्त पेटीवर घोटून घेतलं आहे ते यमनात, भूपात, बिलावलात गंधार चढाच लावतं. पेटी बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर ‘सा – ग –, सा – ग –’ करायला लावा. पहिल्या दिवशी मुलाला गंधार उतरला असं वाटतं, आठवड्याभरात तोच गंधार गोड वाटू लागतो. मात्र यासाठी यंत्रातला तानपुरा खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणावरून घेतलेला हवा. जुन्या, स्वस्त यंत्रांत चार तारांच्या जागी चार भोंग्यांसारखे आवाज येतात, त्यांत हा गंधार उमटत नाही. दुकानात यंत्र ऐकताना खर्ज वाजल्यावर दोन सेकंद कान देऊन गंधार येतो का ते पाहा. नाही आला तर ते यंत्र परत ठेवा.

पहिल्या तारेची निवडही सांगून ठेवतो. भूप, यमन, भीमपलास, वृंदावनी सारंग, बिहाग यांना पंचम. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे मध्यम. बागेश्रीला मध्यम बरा. मारवा, पूरिया मुलांना स्पर्धेला देऊच नयेत, पण दिलेच तर निषाद. यंत्र पंचमावर ठेवून मालकंस गाणारी मुलं स्पर्धांमध्ये आजही ऐकू येतात, आणि त्याचा दोष मुलाकडे नाही, सोबत आलेल्या मोठ्यांकडे जातो.

तारांचा वेगही बदलता येतो. विलंबिताला, म्हणजे संथ लयीला, सावकाश ठेवा. वेग जास्त ठेवला तर मूल नकळत तारांच्या ठोक्यावर गायला लागतं आणि तानपुऱ्याचा तबला होतो.

तबला: उपयोग मोठा, सवय वाईट

तबल्याच्या यंत्राची खरी कामगिरी एकच, ते मुलाचं ऐकत नाही. चांगला तबलजी मुलाला सांभाळून घेतो, मूल धावलं की तोही धावतो, आणि आई-बाबांना वाटतं ताल पक्का आहे. यंत्र जागचं हलत नाही, त्यामुळे मूल कुठे पळतं ते उघडं पडतं. बहुतेक मुलं दोन ठिकाणी पळतात, अंतऱ्याची पहिली ओळ घेताना आणि तानेनंतर मुखड्याला (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याला) परत येताना. त्या दोन जागा वेगळ्या काढून घोटाव्या.

यासाठी ‘तालमाला’सारखं वेगळं यंत्र आणि अ‍ॅप यांत फार फरक नाही. मात्रांचा वेग आकड्यात दिसतो, पट्टी बदलता येते, ताल पुरेसे असतात. म्हणून तबल्याला फोन पुरतो असं म्हटलं. फक्त घेण्याआधी तालांची यादी वाचा. ग्वाल्हेरच्या गायकीत शिकणाऱ्या मुलाच्या विलंबित बंदिशी तिलवाड्यात असण्याची शक्यता बरीच असते, झुमराही लागतो. तीनताल, एकताल, झपताल, केहरवा, दादरा सगळीकडे असतात. तिलवाडा सगळीकडे नसतो.

घरी करून पाहण्याची एक कसोटी. तीनताल मिनिटाला १२० मात्रांवर लावा आणि मुलाला बंदीश म्हणायला सांगा. दोन आवर्तनांनंतर (आवर्तन म्हणजे तालाची एक फेरी, तीनतालात सोळा मात्रांची) तबल्याचा आवाज पूर्ण बंद करा, ताल मात्र चालूच ठेवा. आणखी दोन आवर्तनांनी, म्हणजे सोळा सेकंदांनी, आवाज परत वाढवा. मूल समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) असेल तर लय त्याच्या आत बसली आहे. एक-दोन मात्रा पुढे निघालं तर ते यंत्राच्या आधाराने चाललं होतं. रोज एकदा करावं. दोनाची चार आवर्तनं जमली की मुलाच्या तालाची काळजी सोडा.

आता सवयीबद्दल. यंत्राचा ठेका सरळसोट असतो. समेच्या आधी तो काही करत नाही, समेवर ‘धा’ वाजतो आणि पुढे जातो. मूल त्या ‘धा’ची वाट पाहायला शिकतं. स्पर्धेतला तबलजी मात्र माणूस आहे. तो मुखड्याच्या आधी एखादा छोटा तुकडा घेईल, भरणा करेल, द्रुत (जलद लय) सुरू होताना उठान, म्हणजे सुरुवातीचा जोरकस तुकडा, वाजवेल. ज्या मुलाने असं कधी ऐकलेलं नाही त्याला तुकड्यातला जोरकस बोल समेसारखा वाटतो आणि ते तीन मात्रा आधीच मुखडा सोडून देतं. मग तबलजी सावरतो, मूल आणखी गोंधळतं, आणि पुढचं सगळं गाणं घाबरलेल्या आवाजात जातं. एकल स्पर्धेत मुलं पडतात ती बहुतेक इथे. सुरात इतकी पडत नाहीत.

म्हणून शेवटचे तीन आठवडे. आठवड्यातून निदान दोन बैठका खऱ्या तबल्याबरोबर हव्यात, आणि दोन वेगळे तबलजी मिळाले तर फारच चांगलं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात शोधलं तर एखादा वरच्या वर्गातला तबल्याचा विद्यार्थी आनंदाने येतो, त्यालाही साथीचा सराव हवाच असतो. पहिल्या बैठकीत त्याला सरळ ठेका ठेवायला सांगा, दुसऱ्या बैठकीपासून मोकळं सोडा. एका बैठकीत मुद्दाम चुकीच्या वेगात ठेका सुरू करायला सांगा, आणि मुलाला शिकवा की मान हलवून किंवा हाताने टाळी देऊन लय कशी सांगायची. ‘काका, थोडं सावकाश’ असं मंचावर म्हणता येणं हीसुद्धा तयारीच आहे, आणि ती कुठलंच यंत्र करून घेत नाही.

वेळेचं गणित

स्पर्धेत वेळ पाच, आठ किंवा दहा मिनिटांची असते आणि घंटा वाजली की गुण जातात. यंत्रात लयीचा आकडा असल्यामुळे हे गणित घरीच सोडवता येतं, आणि या एका कारणासाठी आम्ही प्रत्येक पालकाला तालाचं अ‍ॅप घ्यायला सांगू.

आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. विलंबित एकताल ३६ मात्रांच्या वेगात ठेवला तर बारा मात्रांचं आवर्तन २० सेकंदांत होतं. दहा आवर्तनांचे २०० सेकंद. द्रुत तीनताल १६० वर ठेवला तर आवर्तन सहा सेकंदांचं, तीस आवर्तनांचे १८०. सुरुवातीच्या आलापाला ३०. बेरीज ४१०, हाती उरतात ७० सेकंद. हे सत्तर सेकंद भरून काढू नका. विलंबिताकडून द्रुताकडे जाताना तबलजी लय धरेपर्यंत काही जातात, मुलगी समेला पोचली नाही तर एक आवर्तन जास्त जातं, आणि शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं) घेऊन स्वस्थपणे थांबायलाही वेळ लागतो.

दहा वर्षांखालच्या मुलांना विलंबित देऊच नका. पाच मिनिटांत मध्यलयीची एकच बंदीश द्या, तीनताल ११० वर. आवर्तन पावणेनऊ सेकंदांचं होतं. पंचेचाळीस सेकंद आलाप घेतला तर एकोणतीस आवर्तनं मिळतात. त्यात स्थायी दोनदा, आलाप चार-पाच, अंतरा, आठ मात्रांच्या ताना चार, सोळा मात्रांच्या दोन आणि एक तिहाई आरामात बसते. ग्वाल्हेर घराण्यात बंदिशीला आणि मध्यलयीला जो मान आहे तो लहान मुलांच्या फार सोयीचा आहे. बंदीश नीट, शब्द स्वच्छ, अंतरा पूर्ण म्हटलेला असं पाच मिनिटांचं गाणं परीक्षकाला आवडतं. मोठ्यांची नक्कल करून केलेला अर्धवट बडा ख्याल आवडत नाही.

या बेतात तानांची संख्या वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. वाढवू नका. जी तान १६० ला स्वच्छ येते ती घरी १७५ ला म्हणून पाहा. तिथे स्वर पुसट झाले तर मंचावरही होतील, कारण मंचावर लय हटकून चढते. अशी तान काढून टाका.

स्पर्धेच्या दिवशी यंत्र

आधी नियमपत्रक वाचा. काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो पण ताल यंत्रावर चालत नाही, काही ठिकाणी साथीदार आयोजकच देतात. यंत्र चालत असेल तर आपलं न्या, आणि सोबत पाच मीटरची एक्स्टेंशनची तार, तीन पिनची, आणि ३.५ मिलिमीटरची ऑडिओ केबल न्या. सभागृहातला प्लग हमखास मंचाच्या दुसऱ्या टोकाला असतो.

जुळवण्याचा क्रम ठरलेला आहे. आयोजकांची पेटी बदलता येत नाही, म्हणून आधी पेटी ऐका, तिला तानपुऱ्याचं यंत्र मिळवा, मग तबलजी हातोडीने तबला मिळवतात. घरून केलेली पेन्सिलची खूण इथे निरुपयोगी, कारण पेटी दुसरी आहे. हे मुलाने करायचं, पालकांनी मंचावर चढायचं नाही. सरावात मुलाकडून एका मिनिटाच्या आत करून घेतलेलं असलं की तिथे गडबड होत नाही.

यंत्र मुलाच्या मागे, उजव्या किंवा डाव्या गुडघ्याच्या रेषेत ठेवा. समोर ठेवलं तर गाण्याचा माइक तोच आवाज उचलतो आणि तानपुरा गाण्यापेक्षा मोठा होतो. ध्वनियंत्रणावाल्याने केबलने जोडून घेतलं तर उत्तम, पण मग मुलाकडे तोंड केलेला एक स्पीकर हवा, नाहीतर तानपुरा सगळ्या सभागृहाला ऐकू जातो आणि गाणाऱ्यालाच जात नाही. माइक तोंडापासून एक वीत, हनुवटीच्या किंचित खाली.

फोन न्यायची वेळ आलीच तर एअरप्लेन मोड लावा. नुसता सायलेंट पुरत नाही, कॉल आला की बरीच अ‍ॅप्स थांबतात. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर पडदा काळा झाल्यावर काही मिनिटांत फोन स्वतःच अ‍ॅप मिटवतो. हे घरी, पडदा बंद ठेवून, पंधरा मिनिटं चालवून पाहा.

खोलीबद्दल थोडं. लश्करातल्या जुन्या वाड्यांच्या उंच छताच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो आणि सगळंच सुरेल वाटतं. भरलेल्या सभागृहात मंच कोरडा असतो, स्वर सोडला की संपला. शेवटचे आठ दिवस रियाज गाद्या-पडदे असलेल्या झोपायच्या खोलीत करा. मूल कुरकुर करेल की आवाज बसल्यासारखा वाटतो. करू द्या, दमसास कुठे कमी पडतो ते तिथेच कळतं.

वीज, ऊन, थंडी

ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही टोकाचे. जुनी, डिजिटल नसलेली यंत्रं तापली की त्यांचा सूर सरकतो. मे महिन्यात अशा यंत्राला चालू करून दहा-पंधरा मिनिटं द्या आणि मग जुळवा. डिजिटल यंत्राला हा त्रास नाही. वीज जाण्याचा त्रास मात्र सगळ्यांना आहे, म्हणून बॅटरीवर चालणारं यंत्रच घ्या. बॅटरी आत ठेवून वर्षभर विसरू नका, ती पाझरते आणि आतले पत्रे खाते. या यंत्रांच्या बिघाडांत हे एक नेहमीचं आहे.

जे खरा तानपुरा नेणार आहेत त्यांच्यासाठी: जानेवारीच्या गारठ्यात घरात लावलेला तानपुरा थंड सभागृहात नेला की तारा आखडून सूर चढतो, मंचावरच्या दिव्यांखाली तो पुन्हा उतरतो. वाद्य निदान वीस मिनिटं आधी विंगेत उघडं ठेवा आणि मग लावा. बारीक फरक खुंटीने काढायला जाऊ नका, तारेतल्या मण्याने काढा.

तबल्याच्या विद्यार्थ्यांना

तबल्याच्या एकल स्पर्धेत हेच यंत्र लेहऱ्यासाठी (तबल्यामागे सतत फिरत राहणाऱ्या एका आवर्तनाच्या सुरावटीसाठी) लागतं. इथे अ‍ॅप पुढे आहे, कारण लेहऱ्याचे पर्याय जास्त आणि सारंगीचा आवाज बरा. तीनतालाचा लेहरा पेशकाराला ६० ते ७० मात्रांवर ठेवावा, रेल्याला वाढवावा. गोची अशी की यंत्राचा लेहरा चक्रदार संपताना दम धरत नाही. पेटीवर लेहरा धरणारा माणूस वादकाकडे पाहत असतो. म्हणून इथेही शेवटचे दिवस माणसाबरोबरच.

घेताना

दुकानात घ्या, ऑनलाइन मागवू नका, कारण आवाज ऐकल्याशिवाय हे यंत्र निवडता येत नाही. जाताना मुलाला आणि शक्य असेल तर गुरुजींना घेऊन जा. यंत्र मुलाच्या पट्टीत लावायला सांगा. दाखवायला लावलेली पट्टी दुकानदाराच्या सोयीची असते आणि सगळीच यंत्रं तिथे गोड वाजतात. आवाज निम्म्यावर ठेवा. पूर्ण आवाजात खर्ज फाटतो का ते नंतर पाहा. बारीक सुराची कळ दोन्ही टोकांना फिरवून मध्ये कुठे खरखर येते का ते ऐका. पट्टी बदलून परत मूळ पट्टीवर आणा, तारांची जुळणी तशीच राहिली पाहिजे. वीज काढून परत लावा. काही यंत्रं बंद केल्यावर सगळी मांडणी विसरतात, आणि स्पर्धेच्या विंगेत हे फार महागात पडतं. अ‍ॅडॉप्टर कंपनीचाच घ्या. बाजारातला साधा अ‍ॅडॉप्टर बसतो, चालतोही, पण तानपुऱ्याखाली एक बारीक गुणगुण सोडतो, आणि ती गुणगुण त्या मुलाच्या पट्टीत नसते.